चौथा उद्गार

मंडळी, दोन महिने झाले, इथे काहीच लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. सगळे शनिवार-रविवार त्यात गेले. आता जरा उसंत मिळालीय, तर लिहून टाकतो. आज कोडबद्दल काही नाही (म्हणजे थोडं येईलच, सवय जात नाही). आज दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बोलीबद्दल, आणि तिच्यातल्या एका क्रियापदाबद्दल.

झालं असं, की उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, तीन आठवडे आधी गावाहून पाळकसाहेबांचा फोन आला. मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं). अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला आली, तेव्हापासून आमच्या भागात मराठी ख्रिस्ती घरं आहेत. त्यातलंच एक आमचं. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन अशी आमच्या मंडळीची उपासना असते. (ही मंडळी म्हणजे चर्चची. तुम्ही इथली मंडळी. गोंधळ नको.) येशू क्रुसावरून जी सात वाक्यं बोलला त्यांना सात उद्गार म्हणतात. एकेका उद्गारावर एकेकाने दहा-दहा मिनिटं बोलायचं.

"चौथा तुझ्याकडं दिलाय," पाळकसाहेब म्हणाले.

"अहो साहेब, मी कुठे..."

"गुरुजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तू इंजिनियर आहेस, जरा अभ्यास करून बोलशील."

आमच्या गावात इंजिनियरला टीव्ही दुरुस्त करता येतो, पीक विम्याचा फॉर्म भरता येतो आणि आता कळलं की प्रवचनही करता येतं. नाही म्हणणार होतो. गेली कित्येक वर्षं मी नाताळचा रविवार सोडला तर देवळात जात नाही (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात). पण मागून आईचा आवाज आला, "आजीला सांगितलंय मी." संपलं. आजीला सांगितलं म्हणजे ठरलं.

चौथा उद्गार म्हणजे सगळ्यात अवघड. देवा, तू मला का सोडलंस, असा त्याचा अर्थ. आणि मार्कच्या शुभवर्तमानात तो भलत्याच भाषेत दिलाय. एलोई... सबख्थनी. लहानपणी हे शब्द मला मंत्रासारखे वाटायचे. अर्थ खाली लिहिलेला असायचा, पण शब्द तसेच ठेवलेले. कुणी ठेवले, का ठेवले, हा प्रश्न कधी पडला नाही. आता दहा मिनिटं भरायची होती, म्हणून पडला.

नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला आहे. पण येशू आणि त्याचे मासे पकडणारे मित्र घरात, बाजारात, होडीत बोलायचे ती भाषा ग्रीक नव्हती. ती अरामी. ही भाषा काही लहानसहान नव्हे. अश्शूरी, बाबिलोनी आणि मग इराणचं हखामनी, अशा एकामागून एक साम्राज्यांनी कारभारासाठी ती वापरली. आपल्यापासूनही ती फार लांब नाही. सम्राट अशोकाचा एक शिलालेख 1958 साली कंदाहारला सापडला, तो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. आपल्याकडची जुनी खरोष्ठी लिपी अरामी लिपीवरून आली असं अभ्यासक मानतात. जुन्या करारातही दानीएलाच्या पुस्तकाचा मोठा भाग आणि एज्राचा काही भाग हिब्रूत नसून अरामीत आहे. आणि ती अजून मेलेलीही नाही. सीरियातल्या मालूला गावात तिची एक पश्चिमेकडची बोली आजही बोलतात. 2013 साली यादवीत त्या गावावर हल्ला झाला, लोक परागंदा झाले, नंतर काही परत आले.

आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हरवलाय आणि आपल्या हातात फक्त कम्पाइल झालेली फाईल आहे. पण अशा फाईलमध्येही कधी कधी मूळ स्ट्रिंग्ज जशाच्या तशा राहून जातात. मार्कच्या ग्रीकमध्ये हे अरामी शब्द तसेच राहिलेत. आणि ते कुठे राहिलेत हे बघितलं तर गंमत वाटते. उपदेश, दाखले, वादविवाद, सगळं ग्रीकमध्ये. अरामी शब्द येतात ते बहुतेक जिथे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय तिथे.

पहिला शब्द आमच्या घरात रोज ऐकू यायचा. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मेलेली. येशू तिचा हात धरून म्हणतो, "तलीथा कूम." आमची आजी धाकटीला शाळेसाठी उठवताना हेच म्हणायची. "तलीथा कूम! ऊठ गं, नळ जाईल." धाकटीला दहावीपर्यंत वाटत होतं की तलीथा हे तिचंच लाडाचं नाव आहे.

आता यात मजा बघा. अरामी व्याकरणाप्रमाणे मुलीला 'ऊठ' म्हणायचं तर 'कूमी' असायला हवं. 'कूम' हे पुल्लिंगी रूप झालं. बऱ्याच हस्तलिखितांत 'कूमी' आहेही. पण सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या जुन्या, भरवशाच्या प्रतींत 'कूम' आहे. मला आधी वाटलं, टायपो. मग कळलं की अभ्यासकांच्या मते बोलताना तो शेवटचा 'ई' गळून जायचा. लिहायचं कूमी, बोलायचं कूम. आपण नाही का, लिहिताना 'म्हणजे' लिहितो आणि बोलताना 'म्हंजे' म्हणतो. पुढच्या कुणीतरी शिकलेल्या लेखनिकाने ते 'शुद्ध' केलं असणार. म्हणजे जी चूक वाटत होती तीच बहुधा खरी. तोंडातून निघालेला शब्द तसाच कागदावर उतरला होता. हे वाचलं आणि मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

आणखी एक. मार्क ग्रीकमध्ये त्याचा अर्थ देताना 'मी तुला सांगतो' असं मध्ये घालतो. मूळ दोन शब्दांत ते नाहीच. तिथे एवढंच आहे, पोरी, ऊठ. एखादी आई म्हणेल तसं.

दुसरा शब्द 'एफ्फाथा', म्हणजे 'मोकळा हो'. एका बहिऱ्या, नीट बोलता न येणाऱ्या माणसाला येशू गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानात बोटं घालतो, वर बघून उसासा टाकतो आणि हा एक शब्द बोलतो. कॅथलिक लोकांच्या बाप्तिस्म्यात कान-तोंडाला स्पर्श करण्याचा जो विधी आहे त्याला अजूनही हेच नाव आहे.

तिसरा 'अब्बा'. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, येशू देवाला या शब्दाने हाक मारतो. (गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाची फळं पिळायची जागा. जागेचं नाव आणि तिथे घडलं ते, दोन्ही एकत्र ठेवून बघा.) पुढे पौलाने रोम आणि गलतियाच्या ग्रीक बोलणाऱ्या लोकांना पत्रं लिहिली, त्यातही 'अब्बा' तसाच ठेवलाय आणि शेजारी ग्रीक अर्थ दिलाय. ज्यांना अरामी येत नव्हती तेसुद्धा प्रार्थनेत हा शब्द म्हणत असणार.

यावर एक वाक्य आपण हजार वेळा ऐकलेलं असतं. अब्बा म्हणजे लहान मुलाचं 'डॅडी'. व्हॉट्सअ‍ॅपवरही येतं. पण जेम्स बार नावाच्या अभ्यासकाने 1988 साली एक लेख लिहून दाखवलं की हे बरोबर नाही. मोठी, मिशा फुटलेली मुलंही बापाला अब्बाच म्हणत. बोबडा शब्द नव्हे, घरातला शब्द. माझ्या डोक्यात लगेच आलं, अरे, हे तर आपलं 'आबा'! (नातं जोडू नका, शब्द वेगवेगळे आहेत. नुसता योगायोग.) आमच्या शेजारचे पन्नाशीचे काका त्यांच्या वडलांना आबाच म्हणायचे. धाकही असायचा, मायाही असायची, आणि दारू पिऊन आले तरी आवाज आबांसमोर खालीच असायचा. 'पित्या' आणि 'डॅडी' या दोन्हींच्या मधली ती जागा मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तोवर मला चटक लागली होती. आमच्या टीममध्ये कोट्टायमचा एक मित्र आहे, त्याला सगळे अच्चायन म्हणतात. टपरीवर चहा पिताना त्याला विचारलं, तर म्हणाला, "आमची अख्खी उपासना सुरियानीत होती, 1962 पर्यंत. आता मल्याळम. गाणी अजून आहेत काही." सुरियानी म्हणजे सिरियाक, अरामीचीच पूर्वेकडची एक बोली. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांनी ती शेकडो वर्षं सांभाळली. मुंबई-पुण्याकडच्या त्यांच्या लोकांसाठी 1988 पासून कल्याणला धर्मप्रांत आहे, तिथेही पूजेला 'कुर्बाना'च म्हणतात.

"म्हणजे कुर्बानी?" मी विचारलं.

"तेच मूळ."

आणि येशूच्या तोंडी मार्कमध्ये 'कोर्बान' आहेच, देवाला वाहिलेलं दान या अर्थाने. या भाषांत तीन व्यंजनांचं एक मूळ असतं आणि त्यातून शब्दांचं अख्खं कुटुंब निघतं. अरबीतून फारसी, फारसीतून मराठी असं करत त्यातली कितीतरी पोरं आपल्या घरात नांदतायत. हिब्रूतलं 'आमेन' आणि आपलं 'इमान', 'अमानत' एकाच मुळाचे. मूळ अर्थ भरवसा. अरामीत राज्याला 'मलकूथा' म्हणतात, आणि आपले 'मुलूख', 'मालक' हे त्याच म-ल-क मधले. केरळात बिशपला 'मार' म्हणतात, तो अरामी 'प्रभू'. आणि 'तोमा', म्हणजे थॉमस, याचा अर्थ जुळा.

इथे एक सावधगिरीची सूचना. अरामीच्या नावावर भरपूर थापाही खपतात. सुईच्या नाकातून उंट जाण्याचा जो दाखला आहे, त्यात मुळात उंट नव्हता, दोरखंड होता, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. पुरावा कच्चा आहे. आणि दोरखंड तरी सुईतून कुठे जातो? उंट हास्यास्पद मोठा आहे हाच तर दाखल्याचा मुद्दा. प्रभूच्या प्रार्थनेचं 'मूळ अरामी भाषांतर' म्हणून चंद्र, तारे, ऊर्जा असलेला जो मजकूर फिरतो, त्यातही मूळ अरामी शोधून सापडत नाही. सोर्स हरवला की कुणीही उठून 'हा घ्या सोर्स' म्हणतो. आपल्या फील्डमध्ये काय वेगळं आहे!

एक गोष्ट मात्र मला घरची वाटली. येशूला अटक होते त्या रात्री पेत्र अंगणात शेकत उभा असतो आणि लोक त्याला ओळखतात, कशावरून, तर त्याच्या बोलण्यावरून. तो गालीलचा. यरुशलेमकडच्या लोकांना गालीलवाल्यांचे उच्चार गावंढळ वाटायचे. यहुद्यांच्या तालमूदमध्ये किस्साच आहे. एक गालीलवाला बाजारात काहीतरी मागतो, आणि लोक हसतात, अरे मूर्खा, तुला बसायला गाढव हवंय, प्यायला दारू, नेसायला लोकर की कापायला कोकरू? त्याच्या तोंडी चारही शब्द सारखेच ऐकू यायचे. मी पहिल्या वर्षाला पुण्यात हॉस्टेलवर 'पानी' म्हटलं होतं तेव्हा अख्खी मेस हसली होती. महिनाभर मी 'पाणी' शब्द घोकत होतो. पेत्राबद्दल मला एकदम आपुलकी वाटायला लागली.

आणि मग आजी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. तोपर्यंत आजी दोन भाषा बोलायची. घरात आमची रांगडी, आणि प्रार्थनेत एकदम बायबलची. 'हे प्रभू, तुझ्या अगाध कृपेने' वगैरे. झटक्यानंतर दीड महिना बोलणं गेलं. परत आलं ते फक्त एकच. तिच्या माहेरचं. आता ती देवाशीही त्याच भाषेत बोलते. "आरं देवा, लई दुखतंय रं." पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा आई ओशाळली. मला तेव्हा काही सुचलं नव्हतं. आता मार्क वाचताना वाटलं, माणूस शेवटी जिथे पोचतो ती भाषा ही. मूळ स्तोत्र, बावीसावं, हिब्रूत आहे. त्यातलं 'सोडलंस' हे क्रियापद वेगळंच आहे. येशूने शास्त्रातली ओळ शास्त्राच्या भाषेत म्हटली नाही, घरच्या भाषेत म्हटली.

आता थोडं घरचं. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

2011 साली मी नववीत असताना पप्पा घर सोडून गेले. पोल्ट्रीसाठी त्यांनी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, आई जामीनदार. पोल्ट्री बसली. एके दिवशी 'कामाला जातो' म्हणून गेले ते गेलेच. आधी फोन यायचा, मग तोही बंद झाला. वसुलीची माणसं घरी यायची. आई शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करायची, रात्री शिलाई. आजी पप्पांची आई, पण ती आमच्याजवळच राहिली. 2019 ला मला नोकरी लागली आणि तडजोड करून 48 हप्ते बांधून घेतले. 2023 ला शेवटचा भरला. त्याची एक्सेल फाईल आहे माझ्याकडे. तारीख, हप्ता, दिले. आणि चौथा कॉलम, 'येणे'. म्हणजे पप्पांकडून मला येणे. व्याजासकट. फॉर्म्युला मीच लावलाय.

आजीला झटका आला तेव्हा पप्पा आले. दवाखान्याच्या दारात उभे होते, हातात केळी. आता ते तालुक्याच्या गावी वॉचमन आहेत. अधूनमधून रविवारी देवळात येतात, मागच्या बाकावर बसतात. आई दोन शब्द बोलते. मी नाही.

आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीला मी नववीपासून गप्प बसतो. आम्ही सोडतो तसं तूही सोड, अशा अर्थाची ती ओळ. शेजारच्याला कळत नाही, कारण मी पुढची ओळ लगेच पकडतो.

आता ही ओळ मत्तयात आणि लूकमध्ये वेगवेगळी आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये 'ऋणे' आहे, लूकमध्ये 'पापे'. लहानपणी मला वाटायचं दोघांपैकी एकाने चूक केलीय. पण अरामीत 'होबा' या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. कर्ज आणि पाप. एकाने एक अर्थ उचलला, दुसऱ्याने दुसरा. आमच्या मराठी बायबलात मत्तयात 'ऋण' हाच शब्द आहे. वसुलीची माणसं ज्याने पाहिलीत त्याला पाप म्हणजे कर्ज हे पटवून द्यावं लागत नाही.

येशूचा तो एक दाखलाही आहे, राजाने चाकराचं दहा हजार तलांत कर्ज माफ केलं आणि त्याच चाकराने बाहेर जाऊन दुसऱ्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरला. मी हिशेब केला (करणारच). एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. पहिलं कर्ज सहा कोटी दिनार. दुसऱ्याच्या सहा लाख पट. मला नेहमी वाटायचं, ठीक आहे, पण शंभर दिनारही काही थोडे नाहीत. तीन महिन्यांचा पगार आहे. आजही वाटतं.

आणि मग तो शब्द. रात्रीचा एक वाजला होता. सबख्थनी उलगडून बघत होतो. ग्रीकमध्ये 'श' नाही, म्हणून शबकचं सबख झालं. मूळ श-ब-क. अर्थ 'सोडणे'. त्यापुढे 'तू', त्यापुढे 'मला'. तू मला सोडलंस. इथपर्यंत माहीत होतं. मग कोशात पुढचे अर्थ बघितले. सोडणे, टाकून जाणे, जाऊ देणे, मोकळं करणे. आणि क्षमा करणे. कर्ज सोडणे.

सुरियानी बायबल काढलं, पेशित्ता म्हणतात ते. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे सोड' इथे कोणतं क्रियापद आहे? शबक. मग पहिला उद्गार काढला, लूकमधला, ज्यात येशू म्हणतो की बापा, यांना क्षमा कर. तिथेही शबक. म्हणजे पहिल्या उद्गारात 'यांना सोड', चौथ्यात 'मला का सोडलंस'. एकच क्रियापद.

घाई नको म्हणून स्वतःलाच सांगितलं. पेशित्ता हे नंतरचं भाषांतर आहे, पहिल्या उद्गाराचे मूळ अरामी शब्द आपल्याकडे नाहीत. आणि लूकचं ते वाक्य काही जुन्या हस्तलिखितांत नाहीच. तेव्हा हे दोन शब्द क्रुसावर असेच उच्चारले गेले असं मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. पण ती भाषा बोलणाऱ्यांच्या कानाला क्षमा आणि त्याग एकाच शब्दात ऐकू यायचे, एवढं पक्कं. ग्रीक वाचणाऱ्याला इथे ते दिसत नाही. चौथ्या उद्गारासाठी ग्रीकने वेगळंच क्रियापद वापरलंय.

मराठी वाचणाऱ्याला मात्र दिसायला हवं! कारण आपल्याकडे तो शब्द आहे. कर्ज सोडलं. घर सोडलं. हात सोडला. जाऊ दे, सोड. मी नववीपासून जे दोन वाक्यांत म्हणतोय, पप्पांनी आम्हाला सोडलं आणि मी त्यांना सोडणार नाही, त्यात क्रियापद एकच आहे हे मला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

उत्तम शुक्रवारी बोललो. दहा मिनिटांची बारा झाली. तलीथा कूमवर बायका हसल्या, कारण आजी सगळ्यांना माहितीय. मग शबक सांगितलं. मी म्हटलं, ज्याला सोडून दिलं जातं त्याला ते काय असतं हे देवाच्या पुत्राला ठाऊक आहे, आणि त्याने ते गिळलं नाही, मोठ्याने विचारलं, का? काही जण म्हणतात की त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, येशूच्या मनात तो शेवट होता. असेल. पण ओरडला तो पहिली ओळ. तेव्हा ज्याला विचारायचंय त्याने विचारावं, त्यात अविश्वास नाही. आणि ज्याला सोडलं गेलंय त्याच्याच हातात सोडणंही असतं. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नसतंच.

घरचं काही बोललो नाही. मागच्या बाकाकडे बघितलंही नाही. पण पप्पा तिथे होते, हे आईने नंतर सांगितलं. तीन वाजता उपासना संपली तेव्हा ते गेलेले होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. समोर आले असते तर काय बोललो असतो मलाच माहीत नाही.

घरी आलो. आजी खाटेवर. आता देवळापर्यंत चालवत नाही तिला.

"काय बोललास?"

मी तिच्या भाषेत सांगितलं. की येशूच्या बोलीत माफ करणं आणि सोडून जाणं, दोन्हीला एकच शब्द हाय.

आजी थोडा वेळ छताकडे बघत राहिली. म्हणाली, "आपल्यात बी एकच हाय की." आणि मग, "मंग? सोडलंस का?"

मी काही बोललो नाही. तिने परत विचारलं नाही. डावा हात हलत नाही तिचा, उजव्याने माझं मनगट धरून बसली.

हे लिहायच्या आधी आज सकाळी ती एक्सेल फाईल उघडली. 'येणे'चा कॉलम सिलेक्ट केला आणि डिलीट केला. 'दिले'चा कॉलम ठेवला. कारण पैसे दिलेत, आईने दिलेत, मी दिलेत, ते दिलेच नाहीत असं कशाला म्हणायचं? फाईल सेव्ह केली. बॅकअप आहे का, तर हो, मेलवर एक जुनी प्रत आहे. तीही उडवायचीय. बघू.

त्या ओळीला उद्या तोंडातून आवाज निघतो का तेही बघायचंय. उद्या रविवार. इथे वाकडच्या मराठी उपासनेला जाऊन येतो.

असो. सोमवारी परत डिप्लॉयमेंट आहे. आवरतो.